दोन टिंबांचा जिना

बँक लुटारू, अपहरणकर्ते आणि परदेशी हेर यांच्या मागे धावण्यात एफबीआयची हयात गेली. त्याच एफबीआयनं २ मे २०२४ रोजी 'सीसा' या अमेरिकी सायबरसुरक्षा संस्थेच्या जोडीनं एक पत्रक काढलं. त्यातला फरारी आरोपी म्हणजे दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ. अशी: ../

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वरिष्ठांना पत्रकात सांगितलं होतं की बाबांनो, ही तीन चिन्हं तुमच्या मालात कुठवर शिरतात ते माल विकण्याआधी तपासा. भामट्यांनी प्रत्यक्ष वापरलेल्या त्रुटींची एक यादी सीसा ठेवते. तीत या एकाच जातीच्या ५५ त्रुटी तेव्हा जमा झाल्या होत्या. शिवाय पत्रकानं एक जुनी आठवणही काढली होती. या प्रकाराला निदान २००७ पासून 'अक्षम्य' म्हटलं जातं. त्या वर्षी माइटर संस्थेच्या स्टीव्ह क्रिस्टी यांनी अक्षम्य त्रुटींवर एक निबंधच लिहिला होता. काही चुका इतक्या जुन्या, इतक्या सोप्या आणि इतक्या माहितीतल्या असतात की त्या करणाऱ्याला माफी नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर उद्योगानं त्या दरवर्षी केल्या आणि दरवर्षी त्याला माफीही मिळत गेली.

प्रकरण तसं साधं आहे. संगणकात फायली फोल्डरांत असतात, फोल्डर आणखी मोठ्या फोल्डरांत असतात, आणि दोन टिंबांचा अर्थ 'इथून एक मजला वर' एवढाच. आता एखाद्या हाउसिंग सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणावा. तळमजल्यावरच्या जोशींकडे कोणालाही सोडायची त्याला मुभा आहे. पाहुणा येतो आणि वहीत लिहितो: 'तळमजला, जोशी, तिथून वर, पुन्हा वर, सेक्रेटरींचं कपाट'. वॉचमन पहिले दोन शब्द वाचतो. तळमजला, ठीक. जोशी, ठीक. सलाम ठोकतो आणि फाटक उघडतो. संध्याकाळी सेक्रेटरी ओरडतात, "अरे, कपाट फोडलं कोणी?" वॉचमन वही पुढं करतो. "साहेब, सगळं रीतसर लिहून गेलेत."

या प्रकाराचं शास्त्रीय नाव पाथ ट्रॅव्हर्सल. धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'डॉट डॉट स्लॅश' म्हणतात.

चोराला मजले मोजावे लागत नाहीत, हा यातला खास आळशी भाग. युनिक्स घराण्यातल्या संगणकात सगळ्यात वरच्या फोल्डरच्या वर पुन्हा तोच फोल्डर असतो. गच्चीवर उभं राहून 'वर' म्हटलं तरी माणूस गच्चीवरच राहतो, तोल जात नाही, कोणी हटकत नाही. त्यामुळे अनुभवी मंडळी ../../../../../../../../ अशी माळच ओवून टाकतात. कमी पडायला नको. जास्त झाली तरी बिघडत नाही.

आणि वर पोचल्यावर चोर पहिल्यांदा काय उघडतो? 'ईटीसी' फोल्डरातली 'पासडब्ल्यूडी' नावाची फाइल. नाव ऐकून ऊर धडधडतं. प्रत्यक्षात तिच्यात पासवर्ड नसतात. ते फार पूर्वीच 'शॅडो' नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवले गेले आणि तिला सामान्य प्रोग्रॅमला हात लावता येत नाही. 'पासडब्ल्यूडी'त उरली ती वापरकर्त्यांच्या नावांची बिनकामाची जंत्री. तरी जगातला प्रत्येक हौशी हॅकर आधी तीच वाचतो, तिचा स्क्रीनशॉट काढतो आणि मित्रांना पाठवतो. कारण ती प्रत्येक यंत्रावर असते आणि कोणालाही वाचता येते. कळसापर्यंत पोचलो एवढा पुरावा झाला, आत देव असो वा नसो.

हे वर्षानुवर्षं चालत राहतं याचं एक मोठं कारण म्हणजे टेम्प्लेट इंजिन नावाचा अतिशय आज्ञाधारक प्राणी. वेबसाइटवर 'नमस्कार अमुकराव, आपली शिल्लक इतके रुपये' असं झळकतं तेव्हा ते कोणी बसून टाइप करत नसतं. पानाचा सांगाडा एका फाइलीत तयार असतो. नाव आणि आकडा ऐनवेळी भरला जातो. भरणारा तो टेम्प्लेट इंजिन. पायथनवाल्यांचा जिंजा, पीएचपीवाल्यांचे ट्विग आणि स्मार्टी, जावावाल्यांचा व्हेलॉसिटी, रूबीवाल्यांचा ईआरबी, पर्लवाल्यांचा टेम्प्लेट टूलकिट, असा हा गोतावळा. प्रस्तुत लेखकाचा संगणकाशी संबंध पासवर्ड विसरण्यापुरताच असला, तरी या इंजिनांचे दोन गुण त्यालाही समजले. पहिला, सांगितलेल्या नावाची फाइल ती मुकाट्यानं आणतात. दुसरा, त्या फाइलीत आज्ञा लिहिलेल्या असतील तर त्या पाळतात. नोकर म्हणून हे दोन्ही गुण उत्तम. फक्त नाव कोण सांगतंय ते बघावं लागतं.

ते बघायचं का राहून जातं, हे कळायला कुठल्याही सॉफ्टवेअर कचेरीतली मंगळवारची मीटिंग पुरते.

"दिवाळीला वेगळं पान हवं, गणपतीला वेगळं, नाताळला वेगळं," मार्केटिंगच्या मॅडम म्हणतात.

"प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहायला महिना जाईल," प्रोग्रॅमर म्हणतो.

"मग पानाचं नाव लिंकमध्येच घे ना," मॅनेजर म्हणतात. "लिंकमध्ये 'दिवाळी' आलं की दिवाळीची फाइल उघडायची. विषय संपला."

"आणि सर, कोणी तिथं दुसरंच काही टाकलं तर?"

"कोण टाकणार? लिंक आपणच देणार आहोत ना!"

या शेवटच्या वाक्यावर गेल्या पंचवीस वर्षांतली कितीतरी भगदाडं उभी आहेत. लिंक आपण दिली म्हणजे ती आपलीच राहिली, असा हा भाबडा समज. पाहुणा ती हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि 'दिवाळी' खोडून तिथं टिंबांची माळ चिकटवतो.

काही सावध माणसं म्हणतात, "आम्ही शेवटी आपलं शेपूट जोडतो. नाव काहीही येऊ दे, पुढं '.पीएचपी' लागणारच. मग दुसऱ्या जातीची फाइल उघडेलच कशी?" युक्तिवाद बिनतोड. पण पीएचपीच्या पोटात सी भाषा, आणि सी भाषेत शून्य किमतीचं अक्षर भेटलं की मजकूर संपला असं धरतात. चोरानं नावाच्या शेवटी ते शून्य ठेवलं. पीएचपीनं इमानेइतबारे शेपूट जोडलं. खालच्या थरानं शून्यापाशी वाचन थांबवलं आणि शेपटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ही गंमत २०१० मध्ये ५.३.४ आवृत्तीनं बंद केली. तोवर शेपूट जोडणारे निर्धास्त झोपत होते.

दुसरा पंथ पुसणाऱ्यांचा. "'../' दिसलं की काढून टाकायचं!" टाळ्या पडतात, मीटिंग वेळेआधी संपते. मग चोर लिहितो: ....// म्हणजे चार टिंबं आणि दोन रेघा. पुसणारा इमानदार. त्याला मधोमध '../' सापडतं, ते तो काढतो आणि पुढच्या कामाला लागतो. उरलेली डावीकडची दोन टिंबं आणि उजवीकडची रेघ एकमेकांना भेटतात. काय तयार होतं? '../'. चोरानं ते लिहिलंच नव्हतं. ते पहारेकऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

तिसरा प्रकार वेषांतराचा. वेबच्या पत्त्यात कुठलंही अक्षर आकड्यांच्या सांकेतिक रूपात लिहिता येतं. टिंबाचं रूप 'टक्का-दोन-ई'. दारावरचा पहारेकरी टिंबं शोधतो, त्याला टक्के दिसतात, तो सोडतो. आत गेल्यावर दुसरा कोणी संकेत उलगडतो आणि टिंब प्रकटतं. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर ही वेळ आली. तिरकी रेघ युनिकोडच्या आडवळणी, नियमबाह्य रूपात लिहिली की तपासणीच्या वेळी ती ओळखू येत नसे, आणि तपासणी झाली की ओळखू येई. दुरुस्ती आली. मे २००१ मध्ये कळलं की हा सर्व्हर संकेत दोनदा उलगडतो, आणि तपासतो मात्र पहिल्या उलगड्यानंतर. पुन्हा दुरुस्ती आली. पण दुरुस्ती येणं आणि ती बसवणं यांच्यात 'पुढच्या आठवड्यात बघू' नावाचा लांबलचक प्रदेश असतो. सप्टेंबर २००१ मध्ये 'निमडा' नावाचा किडा त्या प्रदेशातून वळवळत गेला. या दोन्ही वाटा त्याच्या वहीत होत्या.

इतका धडा मिळाल्यावर जग शहाणं झालं असणार, असं कोणालाही वाटेल.

वीस वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, अपाची या जगप्रसिद्ध वेब सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती आली. पत्ता नीटनेटका करण्याची पद्धत तिच्यात सुधारली होती. सुधारणेचा परिणाम असा झाला की दोन टिंबांपैकी एक टिंब साधं आणि दुसरं 'टक्का-दोन-ई' लिहिलं तर ते बिनबोभाट आत जाऊ लागलं. सर्व्हरच्या मालकानं बाकीच्या फायलींना कुलूप घातलेलं नसेल तर त्या वाचायला मोकळ्या. आधीच्या आवृत्त्यांत ही खोड नव्हती. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, सगळे हुश्श म्हणाले. मग कोणीतरी संकेताचाच संकेत केला. 'टक्का-दोन-ई' मधला 'दोन' आणि 'ई' हे दोघंही पुन्हा टक्क्यांत लिहिले: 'टक्का, टक्का तीन-दोन, टक्का सहा-पाच'. मुंजीतल्या बटूला कानात सांगावा असा हा मंत्र आत गेल्यावर दोनदा उलगडला आणि टिंब होऊन बसला. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली. तीन दिवसांत जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी तेच काम दोनदा केलं. दुसऱ्यांदा करताना त्यांच्या तोंडून काय बाहेर पडलं, ते कोणी नोंदवलं नाही हे बरं झालं.

टेम्प्लेटवाल्यांची गोष्ट याहून रंगतदार आहे, कारण तिथं चुकणारी माणसं आधीच सावध होती. सुरक्षिततेसाठी नावाजलेली जँगो ही पायथनची चौकट घ्या. तिच्यात 'एसएसआय' नावाचा टॅग होता. टेम्प्लेटच्या मधोमध दुसरी फाइल आणून ओतायची असेल तर तो वापरत. कुठल्याही फोल्डरातली फाइल चालणार नाही, परवानगीच्या फोल्डरांची यादी द्यावी लागे. चोख बंदोबस्त! फक्त तपासणी अशी होती: मागितलेला पाथ, म्हणजे फाइलीपर्यंतची वाट, परवानगीच्या फोल्डरच्या नावानं *सुरू* होतो का? होतो. मग पुढं डझनभर टिंबं असली तरी हरकत नाही. म्हणजे वर सांगितलेला सोसायटीचा वॉचमनच सरकारी गणवेशात. सप्टेंबर २०१३ मध्ये हे दुरुस्त झालं आणि पुढं तो टॅगच रजा घेऊन गेला.

पीएचपीच्या ट्विगमध्ये तर '..' ओळखणारी तपासणी खास लिहिलेली होती. पण ट्विगमध्ये टेम्प्लेटांच्या गटाला '@' लावून टोपणनाव देता येतं. नाव '@' नं सुरू झालं आणि त्यानंतर टिंबं आली, तर तपासणी बाजूला राही. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्विगच्या एकदम तीन पिढ्यांना, १, २ आणि ३ या तिन्ही शाखांना, औषध पाजावं लागलं. स्मार्टीनंही २०१८ मध्ये हाच अनुभव घेतला. तिथं ज्या फंक्शनमध्ये भोक निघालं त्याचं कामच मुळी 'हे फोल्डर भरवशाचं आहे का' ते सांगण्याचं होतं.

रूबी ऑन रेल्स या रूबीच्या चौकटीचा इतिहास मालिकेसारखा भाग-भागांनी पुढं जातो. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालं की टेम्प्लेटचं नाव पाहुण्याकडून घेणाऱ्या साइटींवर रेल्स टेम्प्लेटांच्या फोल्डरबाहेरच्याही फायली आणून दाखवतं. दाखवतं इतकंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण टेम्प्लेट इंजिन आज्ञा पाळतं, हे मघाशी सांगितलंच. सर्व्हर आपल्या रोजनिशीत, म्हणजे लॉग फाइलीत, आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद करतो. चोर विनंतीतच रूबीच्या दोन आज्ञा लिहून पाठवतो. सर्व्हर त्या इमानदारीनं डायरीत उतरवून घेतो. मग चोर म्हणतो, आता कृपया 'लॉग' नावाची टेम्प्लेट दाखवा. सर्व्हर स्वतःची डायरी उघडतो, वाचतो, आणि तीत स्वतःच्याच हातानं उतरवलेल्या आज्ञा पाळायला लागतो.

दुरुस्ती आली. ती सगळ्या परिस्थितींना पुरत नाही असं कळलं, म्हणून दुरुस्तीची दुरुस्ती २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आली. लीप वर्षाचा जादा दिवस असा सत्कारणी लागला.

मग रेल्सवाले शहाणे झाले. "फाइलीचं नाव पाहुण्याकडून घ्यायचंच नाही. कोडमध्ये स्वतः लिहायचं. आता बघू काय करतो!" मार्च २०१९ मध्ये उत्तर मिळालं. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर 'ॲक्सेप्ट' नावाची एक ओळ पाठवतो. मला कुठल्या प्रकारचा मजकूर चालेल, एवढंच त्यात असतं. रेल्स फाइल शोधताना ही ओळही नावाला जोडून बघत असे. म्हणजे फाइलीचं नाव कोडमध्ये पक्कं खिळवलेलं असलं तरी पाहुणा लिहू शकत होता: मला वेबपान चालेल, चित्र चालेल आणि फारच आग्रह असेल तर ../../../../ करून तुमची 'पासडब्ल्यूडी'ही चालेल. शेवटी दोन महिरपी कंस टाकायचे, म्हणजे पुढं रेल्स जोडत असलेल्या कंसांचा हिशेब जुळून जाई. गिटहबच्या जॉन हॉथॉर्न यांनी हे शोधून रेल्सवाल्यांना कळवलं. पुढच्या दाराला तीन कुलपं लावून झाल्यावर कोणीतरी पत्रपेटीतून आत आल्याची ही बातमी होती.

पण ग्राफाना या लोकप्रिय आलेखसॉफ्टवेअरनं डिसेंबर २०२१ मध्ये जो नमुना पेश केला, त्याला तोड नाही. तिथं फाइल उघडण्याआधी पाथ गो भाषेच्या 'क्लीन' या फंक्शनमधून धुऊन घेतला जात होता. शिवाय कोडातल्या शंकास्पद जागा दाखवणारं यंत्रही होतं, आणि त्यानं नेमकं याच ओळीवर बोट ठेवलं होतं. प्रोग्रॅमरनं काय केलं? त्या ओळीवर टीप लिहिली. तिचा आशय असा की पाथ आपण आधीच स्वच्छ केलाय, तेव्हा या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. यंत्राचं तोंड बंद झालं. घोटाळा एवढाच की 'क्लीन' पाथच्या मधली टिंबं साफ करतं, पण पाथ टिंबांनीच *सुरू* होत असेल तर ती तशीच ठेवतं. तसं त्याच्या कागदपत्रांतही लिहिलेलं आहे, पण कागदपत्रं वाचायची कोणी? पाथच्या सुरुवातीला एक रेघ असती तर टिंबं गळून पडली असती. दुरुस्तीत तेच केलं. पुढं एक रेघ जोडली.

अशा वेळी होणारा संवाद कुठल्याही कचेरीत सारखाच असतो.

"तू तपासलं नाहीस?"

"मला वाटलं लायब्ररी तपासते."

"लायब्ररीत तर लिहिलंय, नाव तपासूनच द्या."

"मग मला वाटलं फायरवॉल तपासत असेल."

फायरवॉलवाल्याला अर्थातच वाटत असतं की प्रोग्रॅमरनं तपासलं असेल. सगळ्यांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासाचं असं गोड वर्तुळ पूर्ण होतं आणि त्याच्या मधोमध चोर निवांत जिना चढत असतो.

कॉन्फ्लुएन्स हे कचेऱ्यांचं सामाईक वहीवजा सॉफ्टवेअर. पानात बाहेरचा व्हिडिओ वगैरे चिकटवण्याची त्यात सोय आहे. त्या अर्जात दिसणारे रकाने ठरावीक, पण आत एक न दिसणारा रकाना होता, टेम्प्लेटच्या नावाचा. पडद्यावर तो कुठंच नव्हता. मात्र कोणी आपणहून भरून पाठवला तर सर्व्हर त्याचा मान राखत असे. आधी टिंबांनी आतल्या फायली वाचल्या गेल्या. मग कळलं की टेम्प्लेट थेट चोराच्या सर्व्हरवरूनही मागवता येते, आणि व्हेलॉसिटी इंजिन तिच्यातल्या आज्ञा नेहमीच्या नम्रतेनं पाळतं. मार्च २०१९ मध्ये कंपनीनं इशारा दिला. पाठोपाठ 'गँडक्रॅब' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच वाटेनं लोकांच्या यंत्रांत शिरलं. व्हिडिओ चिकटवायला गेलेल्या माणसाला सगळ्या फायलींना टाळं लागल्याचं दिसलं.

आणि सगळ्यांचा शिरोमणी सिट्रिक्स. घरून काम करणाऱ्यांना कचेरीच्या जाळ्यात घेणारं हे दारच. १७ डिसेंबर २०१९ रोजी कंपनीनं सांगितलं की दाराला भोक आहे. दुरुस्ती मात्र तयार नव्हती, तोवर तात्पुरता उपाय करा म्हणाले. भोक शोधणाऱ्या पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज कंपनीचा अंदाज होता की १५८ देशांतल्या ८०,००० कंपन्या टप्प्यात आहेत. करणी अशी: '/व्हीपीएन/' हा भाग सर्वांना खुला, '/व्हीपीएनएस/' हा आतल्यांसाठी. पाहुण्यानं '/व्हीपीएन/../व्हीपीएनएस/' लिहिलं की एक थर पहिला शब्द वाचून सोडत असे आणि दुसरा थर शेवटचा शब्द वाचून घरात घेत असे. आत गेल्यावर वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पुन्हा टिंबं घालायची, म्हणजे पाहुण्याचा 'बुकमार्क' सरळ टेम्प्लेटांच्या फोल्डरात जाऊन पडे. बुकमार्कच्या मजकुरात पर्लच्या टेम्प्लेट टूलकिटला समजतील अशा आज्ञा. मग ते पान मागायचं. म्हणजे चोर नुसता स्वयंपाकघरापर्यंत गेला नाही. त्यानं आचाऱ्याच्या वहीत स्वतःची पाककृती लिहिली आणि बाहेर येऊन तीच ताटात मागितली.

सुट्ट्या संपता संपता, जानेवारीत, हल्ल्याची तयार साधनं उघड्यावर आली. तात्पुरता उपाय काही आवृत्त्यांवर लागू पडत नाही हेही कळलं. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सायबरसुरक्षा केंद्रानं सल्ला दिला की जमत असेल तर सिट्रिक्स बंदच करा. अनेक सरकारी कचेऱ्यांनी ते केलं. घरून काम थांबलं, माणसं मोटारी घेऊन निघणार हे उघड होतं, आणि सोमवारी रस्त्यांवर जादा गर्दी होईल असे इशारे दिले गेले. दोन टिंबांच्या अपराधासाठी डच नागरिकांना मोटारींच्या रांगेत बसावं लागण्याची ही वेळ.

त्याच सुमारास फायरआय कंपनीच्या मंडळींना एक भलताच पाहुणा सापडला. कोणी अज्ञात इसम याच भोकातून सिट्रिक्सच्या यंत्रांत शिरत होता आणि आधी शिरलेल्या चोरांचं सामान बाहेर फेकत होता. नव्यानं येणाऱ्यांनी ठेवलेल्या फायलीही तो पुसून टाकी. केवढा हा परोपकार! फक्त जाताना तो स्वतःसाठी एक चोरवाट ठेवी, आणि तिला खास परवलीचा शब्द लागत असे. फायरआयनं त्याच्या हत्याराचं नाव ठेवलं 'नॉटरॉबिन'. ज्यांचं यंत्र त्यानं आवरलं त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या व्यवस्थापकांना ते यंत्र त्या महिन्यात जरा चपळ वाटलं असेल.

उपाय अवघड नाहीत, हेच यातलं लाजिरवाणं. टिंबं, टक्के, '@' हे सगळं उलगडून, पाथ शेवटी कुठं *पोचतो* ते बघायचं आणि तो ठिकाणा आपल्या फोल्डरात आहे का ते तपासायचं. नावात काय लिहिलंय यावर भरवसा ठेवायचा नाही. त्याहून सोपं म्हणजे पाहुण्याकडून नावच घ्यायचं नाही. दिवाळी, गणपती, नाताळ अशी तीन नावांची यादी ठेवायची, चौथं आलं की परत पाठवायचं. जिंजाचा फायली आणणारा भाग नावात '..' दिसलं की वाद घालत नाही. 'टेम्प्लेट सापडली नाही' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

मात्र केवळ टेम्प्लेटवाल्यांनाच बोल लावणं अन्यायाचं होईल. 'टार' नावाची गाठोडी उघडणारं पायथनचं यंत्र घ्या. गाठोड्यातल्या फाइलीच्या नावात टिंबं असली तर ती फाइल वाटेल त्या मजल्यावर जाऊन बसू शकते, हे २००७ मध्येच कळलं होतं. तेव्हा उपाय म्हणून कागदपत्रांत एक सूचना छापली गेली: अनोळखी गाठोडी न तपासता उघडू नका. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, ट्रेलिक्स कंपनीच्या संशोधकाला वाटलं की आपल्याला एक कोरी करकरीत त्रुटी सापडली. चौकशी केली तर तिचा जन्मदाखला २००७ चा. साडेतीन लाख प्रकल्पांत ती असेल असा त्यांचा अंदाज निघाला. मग २०२३ मध्ये पायथननं गाठोड्यांसाठी चाळणी बसवली.

जून २०२५ मध्ये त्या चाळणीतच भोकं निघाली. त्यातलं एक फारच मनमोकळं होतं. पाथ कुठं पोचतो ते बघणारं फंक्शन पाथ अवाढव्य लांब झाला, चार हजार शहाण्णव अक्षरांची मर्यादा ओलांडली, की उरलेला भाग न उलगडताच 'असेल ठीक' म्हणून पुढं सोडत होतं. आता तेही बुजवलंय, आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ आवृत्तीपासून चाळणी आपोआप लागते, मुद्दाम मागावी लागत नाही.

ही बातमी ऐकून प्रोग्रॅमर मॅनेजरांकडे गेला. "सर, आपल्या सर्व्हरवर पायथन ३.६ आहे. नवीन टाकू या?"

"हो हो, टाकायलाच हवं," सर म्हणाले. "पण या शुक्रवारी नको, सेल आहे. पुढच्या शुक्रवारी ऑडिटवाले येतायत. त्यांना आपण सुरक्षितता किती गांभीर्यानं घेतो ते दाखवायचंय, तेव्हा कशालाही हात लावू नकोस."